त्रिकोणाचे चोपन्न खांब

क्रोशाचा चौकोन कुणालाही जमतो. टीव्हीवरचं झाकण, ताटावरचा रुमाल, पाटावरचं आसन, आमच्या पिढीतल्या बायकांनी चौकोन इतके विणले आहेत की गप्पा मारता मारता हात आपोआप चालतो. पण त्रिकोण म्हटलं की चांगल्या चांगल्या हातांची फजिती होते. टोकं बोथट येतात, नाहीतर मधला भाग वाटीसारखा फुगतो. मग "माझा हात घट्ट आहे गं" असं म्हणून बाई तो उसवून टाकते.

हाताचा काही दोष नसतो. भूमितीचा असतो. चौकोनाच्या मध्यापासून बाजू जितकी लांब, त्याच्या साधारण दीडपटीला जरा कमी अंतरावर कोपरा असतो. सारख्या बाजूंच्या त्रिकोणात तोच कोपरा दुप्पट लांब जातो. म्हणजे कोपऱ्याला दोरा जास्त द्यायला हवा. चौकोनाच्या सवयीने आपण कोपऱ्यात दोन साखळ्या घालतो आणि त्रिकोण बिचारा आखडून बसतो. त्याला चार द्या, तो सरळ होतो.

तर कृती सांगते. दोरा सुती, वीस नंबरचा, सुई बारीक पोलादी. चार साखळ्या घालून त्यांचं कडं करायचं. मग तीन साखळ्या, हा पहिला खांब धरायचा. त्याच कड्यात आणखी दोन खांब, की चार साखळ्या. पुन्हा तीन खांब, चार साखळ्या, पुन्हा तीन खांब, चार साखळ्या, आणि पहिल्या खांबाच्या डोक्यावर दोरा नुसता ओढून जोडायचं. झाली पहिली फेरी, बाजूला तीन खांब. दुसऱ्या फेरीला दोरा सरकवत कोपऱ्यातल्या साखळ्यांच्या घरात जायचं आणि प्रत्येक घरात तीन खांब, चार साखळ्या, तीन खांब घालायचे. एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये एक साखळी. तिसऱ्या फेरीला कोपरे तसेच, फक्त ती जी एक साखळी मध्ये सोडली होती तिथेही तीन खांब भरायचे आणि दोन्हीकडे एकेक साखळी ठेवायची. बाजूला आधी तीन, मग सहा, मग नऊ खांब. तीन बाजूंचे मिळून नऊ, अठरा आणि सत्तावीस. एकूण चोपन्न.

सासूबाईंनी हा हिशेब ऐकला आणि म्हणाल्या, "मग दोन त्रिकोण झाले की एक माळ झाली म्हण की." एकशे आठ! मला हे सुचलं नव्हतं. प्रत्येक खांबाला एकदा णमोकार म्हणत विणायचं असं काहीजणींनी ठरवूनही पाहिलं. मला विचाराल तर जप करायचा तेव्हा जप करावा आणि विणायचं तेव्हा खांब मोजावेत. दोन्हीकडे लक्ष राहत नाही. ज्यांना राहतं त्यांना माझा नमस्कार.

नवशिक्या मुलीला मात्र मी हा त्रिकोण आधी देत नाही. तिच्यासाठी टोकापासून वाढत जाणारा बरा. दोन साखळ्या घालायच्या, सुईपासून दुसऱ्या साखळीत एक मुका खांब. काम उलटायचं, एक साखळी, त्या एकाच खांबावर दोन मुके खांब. पुन्हा उलटायचं, पहिल्यावर एक, शेवटच्यावर दोन. असं प्रत्येक ओळीच्या शेवटच्या टाक्यात एक वाढवत जायचं. पहिल्या ओळीत एक, दहाव्या ओळीत दहा. मुका खांब जितका रुंद त्याहून किंचित कमी उंच असतो, म्हणून तीनही बाजू जवळजवळ सारख्या येतात. ओळीच्या दोन्ही टोकांना वाढवलंत तर मात्र त्रिकोण पसरट होतो. शालीला तो चालेल, पताकेला नाही.

पताकेची गोष्ट काढली ती मुद्दाम, कारण हा सगळा उद्योग पताकांसाठीच सुरू झाला.

आमचं खकनार तहसिलीचं गाव, सातपुड्याच्या कुशीतलं. शेतात कापूस आणि केळी. पलीकडे मेळघाट. हाटात उभं राहिलं की एका वाक्यात मराठी, हिंदी आणि कोरकू तिन्ही ऐकू येतात, आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नाही. पर्व आलं, यात्रा आली, कुणाचं लग्न आलं की रस्त्यावर चमचमत्या प्लास्टिकच्या त्रिकोणी पताका लागतात. चार दिवसांनी त्यांचे दोरे तुटतात, त्या चिखलात पडतात आणि गायी त्या उष्ट्याबरोबर खातात. गायीच्या पोटात प्लास्टिकचा गोळा होतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आपण दहा दिवस उत्तम क्षमा, उत्तम मार्दव म्हणायचं, आणि आपल्याच मंडपाची पताका गायीच्या पोटात. हे आमच्या मंडळातल्या एका भाभींनी बोलून दाखवलं आणि सगळ्या गप्प झाल्या. त्यावरून ठरलं, या दशलक्षण पर्वाला पताका आपण विणायच्या. सुती दोऱ्याच्या. रेशमाचा प्रश्नच नव्हता, कोश उकळून काढलेला धागा देवळात कशाला न्यायचा. लोकरही नको म्हटलं. कापूस आपल्या शेतातला, तोच बरा.

विणून झाल्यावर त्रिकोण लगेच टांगता येत नाही, तो लोळतो. खळ द्यावी लागते. बाहेर बायका साबुदाण्याची खळ करतात. आमच्या घरात कंदाचं काही चालत नाही, म्हणून तांदळाची पेज पातळ करून गाळून घ्यायची, त्यात त्रिकोण बुडवून पिळायचा आणि जुन्या उशीवर तीन टाचण्या लावून ताणून वाळवायचा. पेज त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायची नाही. कोपऱ्यांची टाचणी आधी, बाजूंची नंतर. वाळला की पापडासारखा कडक होतो, आकार जेमतेम दोन इंचांचा.

बऱ्हाणपूरच्या मंदिरात त्या पताका लागल्या आणि कौतुक झालं. ते मी लिहीत बसत नाही. कौतुकाच्या पाठोपाठ एका दुकानदाराचा निरोप आला, पाचशे त्रिकोण हवेत, नगाला २० रुपये, दोरा तुमचा. मंडळात आम्ही नऊ जणी. त्यातल्या चौघींच्या डोळ्यांना बारीक काम सोसत नाही. चातुर्मासात दिव्यावर किडे येतात म्हणून दिवेलागणीनंतर विणायचं नाही, हे आधीपासूनचं. मग पाचशे कोण विणणार? ज्या मुलींना शिकवलं होतं त्यांना काम द्यावं असं ठरलं. त्यात शेजारच्या पाड्यावरची एक कोरकू सून होती. तिचा हात माझ्यापेक्षाही साफ.

आता भाव काय द्यायचा?

दोऱ्याला नगामागे दोन रुपये लागत होते. एका भाभींनी सुचवलं, विणणारीला पाच द्यावेत, उरलेले तेरा जीवदयेला. गोशाळेला चांगली रक्कम जाईल. "बसल्या बसल्या तर करतात," त्या म्हणाल्या, "फावल्या वेळातलं काम. घरात राहून पाच रुपये कोण देतं?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आधीच सांगते. त्या स्वतः कितीतरी वर्षं मंदिरासाठी फुकट विणत आल्या आहेत. आपण फुकट केलेल्या कामाची किंमत आपल्याला कळत नाही, आणि मग दुसरीच्याही कामाची कळेनाशी होते.

मला तेव्हा नरसापूर आठवलं. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तिथल्या गरीब बायकांना क्रोशा शिकवला. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडून मोठा दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या मठांतूनही क्रोशा असाच शिकवला गेला, हातात पोट भरण्यापुरतं काहीतरी असावं म्हणून. म्हणजे आपण ज्याला हौस म्हणतो तो क्रोशा उपाशी बायकांच्या हातातूनच इतका वाढला. नरसापूरची लेस परदेशात जाऊ लागली. मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाई तिथे राहिल्या, आणि त्या बायकांवरचं त्यांचं पुस्तक १९८२ मध्ये निघालं. त्यात त्यांनी दाखवलं की हजारो बायका घरातलं सगळं करून दिवसाचे कितीतरी तास विणत होत्या. एकीने फुलं विणायची, दुसरीने ती जोडायची, माल जायचा कुठे हे तिघींतल्या एकीलाही ठाऊक नाही. आणि मजुरी कायद्याने ठरवलेल्या किमान मजुरीच्या आसपासही नाही. कारण एकच सांगितलं जायचं, या तर घरात बसलेल्या बायका, वेळ घालवायला विणतात. व्यापारी तसं म्हणत आणि बायकाही स्वतःबद्दल तसंच म्हणत.

आमच्या भाभींचं वाक्य मला तिथलंच वाटलं.

बऱ्हाणपुरात काही मोहल्ल्यांतून चालताना यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. ते शहर पिढ्यान् पिढ्या कापडावर जगलं. पण त्या मागावर आमचा हा दोन इंचांचा त्रिकोण निघत नाही. मागाला ताणा लागतो, बाणा लागतो, शेकडो धागे एकदम चालतात. सलायांवरच्या विणकामात पुष्कळ टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात, म्हणून त्याचं यंत्र झालं. क्रोशात एकच दोरा आणि एका वेळी एकच फास. तो पुरा झाल्याशिवाय पुढचा नाही. सुई कधी टाक्यात, कधी साखळीच्या घरात, कधी मागच्या फेरीत घालायची, ते हातच ठरवतो. खरा क्रोशा आजही हातानेच होतो. बाजारात क्रोशासारखी दिसणारी यंत्राची जाळी मिळते, तिचं टोक उसवून पाहा, क्रोशासारखी एका दोऱ्यात सरसर सुटत नाही. तेव्हा कुठे क्रोशाचं खरं काम फार स्वस्त दिसलं, तर कुणीतरी कुठेतरी बसून विणलेलंच असतं, आणि तिला किती मिळालं असेल याचा अंदाज आपल्याला बांधता येतो.

मी घड्याळ लावून एक त्रिकोण विणला. शेवटचा दोरा आत दडवून, टाचण्या लावेपर्यंत पंचवीस मिनिटं. आठ तासांत एकोणीस त्रिकोण होतात. आठ तास सलग कुणी विणूच शकत नाही, मान आणि डोळे दोन्ही जातील, पण हिशेबापुरतं धरू. पाच रुपयांनी एकोणिसांचे ९५ रुपये. त्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, मध्य प्रदेशात मनरेगाची दिवसाची मजुरी २४३ रुपये होती. म्हणजे तीच सून खड्डे खणायला गेली असती तर तिला अडीचपट मिळाले असते. २४३ ला एकोणिसांनी भागलं की पावणेतेरा येतात. मी वहीत तेरा लिहिले. वीसमधून तेरा मजुरी, दोन दोरा, पाच जीवदया.

मंडळात ही वही फिरली आणि गरमागरमी झाली. "जीवदयेतून आठ रुपये कमी करायचे?" हा प्रश्न आला. मी म्हटलं, ते आठ रुपये जीवदयेचे होतेच कधी? पाड्यावरच्या सुनेचे पैसे आपण आपल्या नावाने गोशाळेत भरणार आणि पावतीवर मंडळाचं नाव येणार. दान आपल्या खिशातून करावं.

दशलक्षणाच्या दहा दिवसांत आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय येतो, व्रतांचा. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत, बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. आम्ही लहानपणी पाठशाळेत हे पाठ केले तेव्हा बैलावर जास्त ओझं लादू नये, त्याचं चारापाणी अडवू नये, असा अर्थ सांगितला होता. मोठ्या काकीजी तेच म्हणाल्या, "ते जनावरांसाठी सांगितलंय बेटा." मी उलट बोलले नाही. त्यांच्यासमोर बोलायची आमची रीत नाही. पण त्याच अध्यायात अचौर्याचेही अतिचार आहेत, त्यात हीनाधिकमानोन्मान आहे, घ्यायचं माप मोठं आणि द्यायचं माप लहान. एवढं मी हळूच म्हटलं. आपल्या घरातले पुरुष दुकानात तराजूचा काटा जपतात, माप मारणाऱ्याला समाजात नाव ठेवतात. पंचवीस मिनिटं मोजायला तराजू नसतो, म्हणून तिथे माप मारलं तरी दिसत नाही. काकीजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेराच लिही. आणि दोरा आपणच आणून द्यायचा, त्यांच्याकडून पैसे कापायचे नाहीत." दोऱ्याचं मला सुचलं नव्हतं.

सगळ्यांना पटलं असं नाही. दोघी मंडळातून गेल्या. एकीशी अजून माझं बोलणं जेमतेम आहे. क्षमावाणीच्या दिवशी आम्ही एकमेकींना हात जोडले, मनापासून जोडले, पण भावाचा विषय दोघींनीही काढला नाही. दुकानदाराची पाचशेची मागणी पुरी झाली. दुसऱ्यांदा त्याने चौदा रुपयांत मागितले. आम्ही नाही म्हटलं, तर त्याने यंत्राच्या जाळीचे तयार त्रिकोण आणून ठेवले, आणि ते क्रोशाचे म्हणूनच विकले जातात. अचौर्याचा पाचवा अतिचार, प्रतिरूपकव्यवहार, तो हाच. नकली माल असली म्हणून देणं. पण त्याला जाऊन हे कोण सांगणार? आणि तेवढं काम मुलींच्या हातून गेलं, हेही खरंच. तेरा रुपये भाव धरून बसायचं आणि काम नाही, की आठ घेऊन काम चालू, असं त्यातल्या एका मुलीने मला सरळ विचारलं. तिला घरी चार रुपये न्यायचे असतात. मी तिला म्हटलं, तू तुझं ठरव, मी मात्र आठाने काम देणार नाही. हे उत्तर तिला पुरलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती आता ब्लाउज शिवायला जाते.

आता कामं थोडी येतात. कुणाच्या घरवास्तूला एकवीस त्रिकोणांचं तोरण, कुणाच्या वर्षीतपाच्या पारण्याला शंभर पताका. घेणारी बाई भाव ऐकून आधी भुवया उंचावते. मग मी तिला एक त्रिकोण आणि सुई हातात देते आणि म्हणते, ताई, एकच विणून बघा. बहुतेकजणी पहिल्या फेरीनंतर सुई परत देतात आणि पैसे मोजतात.

पाड्यावरच्या त्या सुनेने मात्र कृतीच बदलली. तिसऱ्या फेरीला ती कोपऱ्यात चारऐवजी पाच साखळ्या घालते. टोक काट्यासारखं अणकुचीदार येतं आणि खळ दिल्यावर बोथट होत नाही. माझ्या त्रिकोणांपेक्षा तिचा चांगला दिसतो, हे उघड आहे, आता मीही पाचच घालते. सुरुवातीचा दोरा ती पहिल्या फेरीच्या खांबांखालीच घेत जाते, म्हणजे शेवटी तो सुईने दडवायचं काम वाचतं. तिला एका त्रिकोणाला आता अठरा-एकोणीस मिनिटं पुरतात.

मागच्या हाटाच्या दिवशी ती तयार नग घेऊन आली, माझ्या घड्याळाकडे बघत हसली आणि म्हणाली, "बाई, मी लवकर करते आता. मग भाव कमी करणार का?"

"नाही गं," मी म्हटलं. "वेळ तू वाचवलास, तो तुझाच."

तिने नग मोजून दिले, बेचाळीस, पुढचा दोरा घेतला आणि जाता जाता विचारलं की काठाला मणी लावले तर नगाला किती वाढवायचे. ते अजून ठरायचं आहे. मणी ओवायला किती मिनिटं लागतात ते आधी बघते.